पाव हात माती : चुनखडकावरील चराऊ रानांच्या जमिनीसंबंधी एक आढावा

प्रिंगलसाहेबांची जमाबंदी फसल्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात जी नवी मोजणी अमलात आणली, आणि जिचे नियम पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, तीत जमिनीची प्रत मातीचा वर्ण आणि तिची खोली या दोन गोष्टींवरून ठरत असे. पावणेदोन हात खोल काळी जमीन सर्वांत वरच्या प्रतीची. तेथून खोली जसजशी घटत पाव हातावर येई तसतशी प्रत उतरे. आणि मातीत चुनखडीचे खडे मिसळलेले आढळले, तर तो एक दोष धरून जमीन आणखी एक पायरी खाली उतरविली जाई. शेतसारा आकारण्यापुरता हा हिशेब चोख होता आणि त्याने दीडशे वर्षे आपल्याकडील महसुली दफ्तरे चालविली. खोली थोडी आणि चुना फार, ही दोन्ही लक्षणे ज्या जमिनीत एकत्र येतात ती जमीन अशा तक्त्याच्या अगदी तळाशी बसते, हे ओघानेच आले.

परंतु नांगराच्या दृष्टीने तळाशी बसणाऱ्या याच जमिनीवर जगातील कोरड्या चराऊ रानांचा मोठा हिस्सा उभा आहे. भूमध्य समुद्राच्या काठचे डोंगर, इराणातील झाग्रोस पर्वताचे उतार, अमेरिकेतील न्यू मेक्सिको आणि टेक्सास या राज्यांतील पठारे, या सर्व ठिकाणी चुनखडकावर वीतभर गोटाळ माती, तीवर विरळ गवत आणि त्या गवतावर मेंढ्या, शेळ्या व गुरे, असाच प्रपंच आहे. या मातीचे गुणधर्म कोणते, ती आली कोठून, ती पूर्वी याहून खोल होती की नाही, पावसाचे पाणी तिच्यात किती काळ राहते, आणि चराईने बिघडलेली अशी जमीन पुन्हा सुधारते की नाही, या प्रश्नांवर गेली शंभर-सव्वाशे वर्षे जो विचार झाला त्याची आजची स्थिती येथे मांडावयाची आहे. उदाहरण म्हणून टेक्सासमधील एडवर्ड्स पठार घेतले आहे. कारण तेथे सोनोरा गावाजवळ १९१५ साली स्थापन झालेल्या चराई-संशोधन केंद्रामुळे दीर्घकालीन नोंदी उपलब्ध आहेत, आणि पठाराच्या पोटातील गुहांनी संशोधकांना मातीच्या खालची बाजू पाहण्याची संधी दिली आहे.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. आपल्या दख्खनच्या काळ्या जमिनीत जी चुनखडी सापडते तिच्या तळाशी बहुधा चुनखडक नसून बेसाल्ट असतो. तो चुना जमिनीच्या पोटात मागाहून साचलेला असतो. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतील डी. के. पाल आणि त्यांचे सहकारी यांनी मूळ खडकातून आलेला चुना आणि जमिनीत नव्याने बनलेला चुना यांतील भेद आग्रहाने मांडला आहे. तो भेद पुढील विवेचनातही पदोपदी उपयोगी पडेल.

१. मुलूख आणि माती

एडवर्ड्स पठार टेक्सासच्या मध्यभागापासून पश्चिमेस पेकोस नदीपर्यंत पसरलेले आहे. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी तेथे असलेल्या उथळ, उबदार समुद्रात साचलेला चुनखडक हा त्याचा पाया. पूर्वेकडे वर्षाला ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पश्चिमेकडे तो ४०० च्या खाली येतो. आणि जो पडतो तोही नियमाने नव्हे. १९५० ते १९५७ ही सलग अवर्षणाची वर्षे तेथील वृद्ध पशुपालकांच्या स्मरणातून कधी गेली नाहीत. उलटपक्षी ३१ मे १९३५ रोजी पठाराच्या दक्षिण पायथ्याशी डी'हॅनिस या गावाजवळ पावणेतीन तासांत २२ इंच पाऊस कोसळला. पातळ माती, उघडा उतार आणि असा पाऊस, या तिहींचा संयोग काय करू शकतो हे वेगळे सांगावयास नको.

अशा एखाद्या उतारावर फावडे घेऊन उभे राहावे. पृष्ठभागावर करड्या रंगाचे, दगडफुलाचे डाग पडलेले, कोपरे झिजलेले धोंडे विखुरलेले असतात. त्यांपैकी अर्धवट मातीत रुतलेला एक धोंडा उचलून उलटा केला, तर त्याच्या वरच्या बाजूचा करडेपणा खाली नाही असे दिसते. खालच्या अंगावर पांढरा, खडबडीत लेप चढलेला असतो, आणि कधी कधी त्या लेपाला दाढीच्या केसांसारखे बारीक लोंब फुटलेले असतात. पावसाचे पाणी धोंड्याच्या कडेने उतरून तळाशी सुकले, आणि सुकताना त्यातील चुना मागे राहिला, याची ही खूण. पातळ केलेल्या मिठाच्या आम्लाचा एक थेंब त्यावर टाकताच तो फसफसतो. धोंड्याखालची माती मात्र पांढरी नसते. ती गडद तपकिरी, जवळजवळ काळी, रवाळ आणि गवताच्या तंतुमुळांनी गच्च विणलेली असते. फावडे जेमतेम वीतभर जाते आणि ठणकन वाजून थांबते. मृदा-पाहणीच्या नकाशात जी खोली नोंदली जाते ती येथवरची. पण ब्रशने तो खडक झाडून पाहिला, तर त्यावर बोटभर रुंदीच्या भेगा दिसतात. त्या भेगांत तीच गडद माती भरलेली असते आणि अंगठ्याएवढी जाड मुळे तिच्यातून सरळ खाली गेलेली असतात. पुढील बहुतेक सर्व वादांचे मूळ या भेगेत आहे, असे आमचे मत आहे.

अमेरिकी वर्गीकरणानुसार ५० सेंटिमीटरच्या आत अखंड खडक लागला तर ती जमीन 'शैलसंलग्न' गणली जाते, आणि आकारमानाने ३५ टक्क्यांहून अधिक गोटे असले तर तिला 'सांगाडी' हे विशेषण लागते. पठारावरील टॅरंट आणि एकरंट या नावांच्या जमिनी या दोन्ही वर्गांत बसतात. पश्चिमेच्या अधिक कोरड्या भागातील एक्टर आणि लोझियर या जमिनींत तर बारीक मातीचाही ४० टक्क्यांहून अधिक भाग निव्वळ चुन्याचा असतो. याचा व्यावहारिक अर्थ एका साध्या हिशेबाने कळतो. माती ३० सेंटिमीटर खोल आहे आणि तिच्यातील निम्मा भाग गोट्यांचा आहे असे धरले, तर पाणी धरणारी माती उरते १५ सेंटिमीटर. बारीक माती आपल्या आकारमानाच्या साधारण सातव्या हिश्शाइतके पाणी झाडांना उपयोगी पडेल अशा रीतीने धरते, असे मानले तर सारा साठा वीस-बावीस मिलिमीटरांचा झाला. उन्हाळ्यात हा साठा आठवड्याभरात संपावयास हवा. तरीही त्याच उतारावर ओक आणि जुनिपर ही सदाहरित झाडे ऑगस्टच्या उन्हात हिरवीगार उभी असतात. हिशेब आणि दृश्य यांचा मेळ बसत नाही, हे प्रथमपासून जाणवत होते.

रासायनिक गुणांविषयी फारसा मतभेद नाही, म्हणून ते थोडक्यात सांगतो. जमीन अल्कधर्मी, सामू आठच्या आसपास. स्फुरद चुन्याशी संयोग पावून अडकतो. लोह आणि जस्त मुळांना दुर्मीळ होतात, म्हणून परक्या झाडांची पाने पिवळी पडतात. पण तोच चुना चिकणमातीचे कण एकत्र बांधून तिला रवाळ घडण देतो आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे द्रव्य धरून ठेवतो. या जमिनी उथळ असूनही सुपीक गवताळ मैदानांच्या काळ्या जमिनींच्या कुळात गणल्या जातात, त्या या द्रव्यामुळे. खोलीवरून गरीब आणि कसावरून संपन्न असा हा प्रकार आहे, आणि इंदापूरच्या प्रतवारीत त्याला योग्य रकाना मिळाला नसता.

२. माती आली कोठून

या प्रश्नाचे जुने उत्तर सरळ होते. पावसाच्या पाण्यात हवेतील आणि मुळांजवळील कर्बाम्ल वायू विरघळतो, ते सौम्य आम्ल चुनखडक विरघळविते, चुना पाण्याबरोबर निघून जातो आणि खडकातील न विरघळणारी चिकणमाती व वाळू मागे राहते; हीच माती. अडचण प्रमाणाची आहे. खडकात अविद्राव्य अंश शेकडा तीन असेल, तर मीटरभर जाडीचा खडक नाहीसा झाल्यावर, मातीचा सैलपणा लक्षात घेऊनही, जेमतेम सहा सेंटिमीटर माती हाती लागते. म्हणजे हातभर मातीसाठी किती खडक झिजला पाहिजे याचा अंदाज वाचकच करू शकेल.

या अडचणीमुळे दुसरे मत पुढे आले : माती वाऱ्याने आणली. भूमध्य प्रदेशातील तांबड्या मातीविषयी इस्राएलचे दान यालोन आणि गनोर यांनी १९७३ साली सहारातून येणाऱ्या धुळीचा वाटा मांडला, तेव्हापासून चुनखडकावरील कोणत्याही मातीविषयी धुळीचा प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाता येत नाही. टेक्सासमध्ये रॅबेनहॉर्स्ट आणि वाइल्डिंग यांनी १९८० नंतरच्या दशकात हवेतील धुळीचीही तपासणी केली आणि खडकातील अविद्राव्य अंशाशी मातीची तुलनाही केली. या दोन मतांखेरीज तिसरेही एक मत आहे. पठारावर कोठे कोठे जाड, तांबड्या मातीचे तुकडे शिल्लक आहेत. त्यांच्या अभ्यासावरून कुक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली असे प्रतिपादन केले की ही माती खालच्या शुद्ध चुनखडकाची नव्हे, तर एके काळी त्याच्यावर असलेल्या आणि आता बहुतेक झिजून गेलेल्या डेल रिओ नावाच्या चिकणखडकाची आहे. आमच्या समजुतीप्रमाणे ही तिन्ही उत्तरे परस्परांना सर्वस्वी छेदत नाहीत. वाद वाट्यांच्या प्रमाणाचा आहे, आणि तो प्रत्येक टेकडीवर वेगळा सुटण्याचा संभव आहे.

मातीखाली जो पांढरा, कठीण चुन्याचा थर लागतो, ज्याला तेथील लोक स्पॅनिश शब्दाने 'कॅलिचे' म्हणतात, त्याच्या उगमाचा वाद यालाच समांतर चालला. न्यू मेक्सिकोत लास क्रूसेस गावाभोवती मृद्संधारण खात्याने १९५७ पासून जो प्रदीर्घ अभ्यास चालविला, त्यातून गाइल, पीटरसन आणि ग्रॉसमन यांनी १९६६ साली चुना साचण्याच्या चार अवस्था वर्णिल्या : प्रथम गोट्यांवर पातळ लेप, मग लेप जाड होऊन गोट्यांना जोडणारे पूल, मग सर्व पोकळ्या बुजून घट्ट झालेला थर, आणि शेवटी त्या बुजलेल्या थरावर पाणी साचून सुकल्याने बनलेले पापुद्रे. तेथे चुना मुख्यत्वे धूळ आणि पाऊस यांनी वरून आणला, हे पुढे समस्थानिकांच्या साह्याने दृढ झाले. परंतु एडवर्ड्स पठारावर खाली चुनखडकच असता चुना आणण्यासाठी वाऱ्याची गरज काय, असा प्रश्न साहजिक उठतो; आणि रॅबेनहॉर्स्ट व वाइल्डिंग यांनी १९८६ साली हेच दाखविले की येथला कठीण थर बहुतांशी खडकाचाच माथा जागच्या जागी विरघळून व पुन्हा थिजून तयार होतो. दोन प्रदेशांत दिसावयास सारख्या थराचा जन्म दोन रीतींनी झाला, ही गोष्ट आज बहुतेकांस मान्य आहे.

३. माती गेली कधी

पहिल्या वसाहतवाल्यांनी या पठारावर कमरेइतके गवत पाहिले आणि त्यांच्या नातवांनी उघडे खडक पाहिले, अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. तिच्यात तथ्य आहे. न्यू ब्राउनफेल्स येथे १८४५ साली आणि फ्रेडरिक्सबर्ग येथे १८४६ साली जर्मन वसाहती झाल्या. १८७४ नंतर काटेरी तारेने मोकळी राने बंदिस्त झाली. गुरे, मेंढ्या आणि अंगोरा शेळ्या यांची संख्या जमिनीच्या ताकदीबाहेर वाढली. शेतकी खात्यासाठी एच. एल. बेंटली यांनी १८९८ साली नैर्ऋत्येकडील चराऊ रानांविषयी जे पत्रक लिहिले त्यात गवताचा ऱ्हास स्पष्ट नोंदलेला आहे. यावरून पुष्कळ काळपर्यंत असे समजले गेले की पठारावरची खोल माती मेंढ्यांच्या खुरांखाली आणि त्यानंतरच्या पावसांत गेली.

या समजुतीला धक्का एका गुहेने दिला. कर काउंटीतील हॉल गुहेत हजारो वर्षे बाहेरची माती वाहून येऊन थरांवर थर साचले आहेत आणि त्यांत प्राण्यांची हाडे व झाडांच्या बिया सापडतात. टूमी आणि सहकारी यांनी १९९३ साली दाखविले की खोल मातीत बिळे करून राहणारे प्राणी पूर्वी येथे होते आणि हळूहळू नाहीसे झाले. पुढे कुक आणि सहकाऱ्यांनी २००३ साली याच अवशेषांतील स्ट्राँशियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण मोजले. युक्ती अशी की खोल, जुन्या मातीतील स्ट्राँशियमचे प्रमाण आणि ताज्या चुनखडकातील प्रमाण भिन्न असते. माती पातळ होत गेली की झाडांची मुळे खडकाजवळ येतात आणि बियांतील व प्राण्यांच्या दातांतील प्रमाण खडकाकडे सरकते. त्यांचा निष्कर्ष असा की सुमारे २१,००० वर्षांपूर्वीपासून ५,००० वर्षांपूर्वीपर्यंत माती सातत्याने, हजार वर्षांस सरासरी ११ सेंटिमीटर या गतीने झिजत होती, आणि त्यानंतर ती बरीचशी स्थिरावली. हा हिशेब खरा मानला तर पावणेदोन मीटरच्या आसपास माती वसाहतवाल्यांच्या पुष्कळ आधीच गेलेली होती.

याचा अर्थ चराईवरील आरोप खोटा ठरला, असा काही जण काढतात. तसे आम्हांस वाटत नाही. मोठी झीज हवामानाने केली हे मान्य करूनही, उरलेल्या वीतभर मातीपैकी दोन बोटे जर एका शतकात गेली असतील, तर शिल्लक साठ्याच्या हिशेबाने ते नुकसान पूर्वीच्या झिजेहून लहान म्हणता येणार नाही. गेल्या दीडशे वर्षांतील झीज किती, याचे हॉल गुहेइतके स्वच्छ मोजमाप मात्र अद्याप झालेले नाही.

४. पाणी कोठे जाते

या आढाव्यातील सर्वांत गुंतागुंतीचा आणि सर्वांत जिवंत वाद हा आहे. कारण या पठारात मुरलेले पाणी दक्षिण-पूर्व कडेला एडवर्ड्स जलधराच्या झऱ्यांतून बाहेर येते आणि सान अँटोनियोसारखे मोठे शहर दीर्घकाळ त्याच जलधरावर विसंबून आहे.

गोट्यांपासून सुरुवात करू. गोटे म्हणजे जमिनीतील मृत वजन, हा जुना समज. तो अर्धाच खरा आहे. बेल्जियमचे पूसेन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९० साली दाखविले की मातीवर नुसता टेकलेला गोटा थेंबांचा मारा अंगावर घेतो आणि त्याच्या कडेखालून पाणी आत जाऊ देतो. पण तोच गोटा पावसाने बनलेल्या पापुद्र्यात रुतून बसला, तर पाणी अडवून वाहून घालवितो. म्हणजे गोट्यांच्या प्रमाणाइतकेच त्यांच्या बसणीला महत्त्व आहे. शिवाय गोटा अभेद्य असतोच असे नाही. न्यू मेक्सिकोतील होर्नाडा येथील संशोधकांनी १९८३ साली कॅलिचेच्या खड्यांची पाणी शोषण्याची शक्ती मोजली, आणि ड्युनिवे, हेरिक व मंगर यांनी २००७ साली असे दाखविले की घट्ट झालेला चुन्याचा थरसुद्धा लक्षणीय पाणी धरतो आणि ते झाडांना मिळते. आपण वर केलेला वीस-बावीस मिलिमीटरांचा हिशेब, ज्यात गोट्याचे पाणी शून्य धरले होते, येथे प्रथम ढासळतो.

दुसऱ्यांदा तो ढासळतो भेगेमुळे. जॅक्सन आणि सहकारी यांनी पठारावरील ५ ते ६५ मीटर खोलीच्या २१ गुहांत उतरून छतांतून लोंबणारी मुळे गोळा केली आणि त्यांच्या आनुवंशिक द्रव्यावरून ती कोणत्या झाडांची हे ओळखले. हा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. निदान सहा जातींची झाडे ५ मीटरांखाली पोहोचली होती, १० मीटरांखाली फक्त सदाहरित ओक होता, आणि सर्वांत खोल मुळे सुमारे २५ मीटरांवर सापडली. यावरून झाडे खोल झऱ्यांचे पाणी पितात असा तर्क लोकप्रिय झाला. परंतु सुझॅन श्विनिंग यांनी २००८ साली आणि नंतर मांडलेल्या निरीक्षणांनुसार या झाडांचे बहुतेक पाणी खोल झऱ्यांतून न येता मातीलगतच्या फुटक्या, सच्छिद्र खडकातून येते. खोल मूळ असणे आणि त्याने भरपूर पाणी ओढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२१ साली एरिका मॅककॉर्मिक आणि सहकाऱ्यांनी संपूर्ण अमेरिकेचा हिशेब मांडून खडकातील पाण्यावर झाडे पुष्कळ ठिकाणी अवलंबून आहेत आणि टेक्सास व कॅलिफोर्निया येथे ते विशेष दिसते, असा निष्कर्ष काढला. खडकात पाणी आहे यावर आता एकमत आहे. ते किती खोलवरचे, यावर नाही.

यातून निघाला जुनिपरचा वाद. मेंढ्यांनी गवत खाऊन टाकल्यामुळे आणि वणवे थांबल्यामुळे हे झाड, ज्याला तेथे सर्रास 'सीडर' म्हणतात, पठारभर पसरले. आणि ते पाणी पिऊन झरे आटवते, म्हणून ते तोडावे, असे पशुपालकांचे व काही शास्त्रज्ञांचे म्हणणे. त्यांच्या बाजूला वजनदार पुरावा आहे. ओवेन्स आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मोजले की पडणाऱ्या पावसापैकी सुमारे ३५ टक्के या झाडाच्या पानांवर आणि आणखी ५ टक्के त्याखालच्या पालापाचोळ्यावर अडकून वाफ होतो, म्हणजे मातीपर्यंत जेमतेम ६० टक्के पोहोचतो. एका झऱ्याच्या पाणलोटात जुनिपर काढल्यावर प्रवाह वर्षाला ४६ मिलिमीटरांनी वाढल्याचेही २००६ सालीच नोंदले गेले. विरुद्ध बाजूचा पुरावाही तितकाच भक्कम आहे. सेको ओढ्याच्या पाणलोटात ड्युगस आणि सहकाऱ्यांना १९९८ साली असे आढळले की तोडणीनंतर पहिली दोन वर्षे रोजचे बाष्पीभवन सुमारे ०.३ मिलिमीटरने घटते, आणि गवत वाढताच तो फरक नाहीसा होतो. ब्रॅड विलकॉक्स आणि हुआंग यांनी २०१० साली तर उलटेच चित्र पुढे ठेवले : पठारावरच्या प्रमुख नद्यांचा संथ तळप्रवाह, झाडोरा वाढूनही, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ दुप्पट झाला. त्यांची उपपत्ती अशी की अतिचराईने उघडी पडलेली जमीन पाणी मुरू देत नव्हती. जनावरे कमी झाली, गवत व झाडे परतली आणि पाणी पुन्हा जमिनीत जाऊ लागले. हे दोन पक्ष वेगवेगळ्या आकाराच्या पाणलोटांविषयी बोलत आहेत, हे लक्षात घेतले की विरोधाची धार पुष्कळ कमी होते. लहान झऱ्याजवळ, जेथे खडकातून पाणी मोकळे वाहते, तेथे तोडणीचा लाभ दिसणे शक्य आहे. नदीच्या पाणलोटभर तो दिसतोच असे म्हणण्यास आधार नाही.

५. चराई आणि सुधारणा

चराऊ रान बिघडले तर जनावरे कमी केल्याने ते पूर्वपदावर येते, हा विचार वनस्पतींच्या क्रमिक परिवर्तनाच्या सिद्धांतावर उभा होता, आणि टेक्सासमध्येच काम करणाऱ्या डिक्स्टरहुइस यांनी १९४९ साली त्याला मोजमापाचे रूप दिले. सोनोरा येथे लिओ मेरिल यांनी चार कुरणे आणि तीन कळप अशी पाळी बांधून प्रत्येक कुरणाला आळीपाळीने विश्रांती देण्याची जी पद्धत बसविली ती त्याच विश्वासाची. १९८९ साली वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मीर यांनी या विश्वासाला आव्हान दिले : कोरड्या रानात काही उंबरठे असे असतात की ते ओलांडल्यावर नुसती विश्रांती देऊन मागे येता येत नाही. उथळ चुनखडी जमिनीच्या बाबतीत हा उंबरठा मातीच्या खोलीत आहे, असा तर्क करण्यास चांगला आधार आहे. फुलेनडॉर्फ आणि स्माइन्स यांनी १९९८ साली दाखविले की एकाच कुरणात हातभर अंतरावर माती थोडी खोल वा उथळ असली, तर चराईचा गवतांवरील परिणाम बदलतो.

सोनोरा येथेच थरो, ब्लॅकबर्न आणि टेलर यांनी कृत्रिम पाऊस पाडून केलेले मोजमाप या संदर्भात मोलाचे आहे. ओकच्या झुपक्याखाली पाणी सर्वांत जलद मुरते, उभ्या झुपकेदार गवताखाली त्याहून कमी, आणि जमिनीलगत पसरणाऱ्या आखूड गवताखाली सर्वांत कमी. भरमसाट चराईने, तसेच थोड्या दिवसांत दाट कळप फिरविण्याच्या पद्धतीने, झुपकेदार गवताची ही शक्ती घसरते. मध्यम चराईने ती टिकते. इतक्या वादांच्या गर्दीत हा एक निष्कर्ष असा आहे की ज्यावर विसंबून आज कारभार करता येतो.

माती पुन्हा बनण्याविषयी मात्र आशा धरता येत नाही. पठारात वर्षाला १०० मिलिमीटर पाणी मुरते आणि प्रत्येक लिटरमागे पाव ग्रॅम चुना विरघळवून नेते असे मानले, तर हजार वर्षांत एक सेंटिमीटरच्या आसपास खडक झिजतो आणि त्यातून अर्ध्या मिलिमीटरच्या थोडी वर माती राहते. धुळीची भर किती, हे न कळल्याने हा हिशेब अपुरा आहे. पण धूळ दुप्पट-तिप्पट धरली तरी पाव हात माती परत येण्यास माणसाच्या इतिहासाहून मोठा काळ लागेल.

६. काय अनिर्णित आहे

धुळीचा वाटा, वसाहतीनंतरची झीज, खडकातील पाण्याची खोली आणि जुनिपर तोडण्याचा खरा हिशेब, हे चार प्रश्न उघडे आहेत. आणि चारही प्रश्न फावडे जेथे वाजून थांबते त्याच्या खाली काय आहे, या एकाच अज्ञानापाशी येऊन अडतात. मृदा-पाहणीच्या तक्त्यात खोलीचा रकाना आहे, गोट्यांचा आहे, चुन्याचा आहे. भेगांची रुंदी, त्यांची दाटी, त्यांतील माती आणि खडकाची सच्छिद्रता यांना रकाना नाही. विंगेटच्या काळी नांगर जेथे पोहोचत नाही ते मोजण्याचे कारण नव्हते. आज ज्या कुरणांवर आणि ज्या झऱ्यांवर माणसे जगतात त्यांचे पाणी त्याच न मोजलेल्या भागात साठते. म्हणून पाहणी करणाऱ्या खात्यांनी निदान काही निवडक उतारांवर तरी खडक फोडून भेगांची मोजदाद सुरू करावी, आणि ती होईपर्यंत, सरसकट तोडणीस अथवा दाट कळपांस मंजुरी देताना, नकाशावरील खोलीचा आकडा पुरावा म्हणून मानू नये.